दिल्लीहून रस्ता कसा आणावा

आपलं गाव वाढतंय? अभिनंदन! आता गावातल्या महामार्गासाठी केंद्राचा निधी लागणार, आणि तो कसा आणायचा हे आम्हा पुण्याजवळच्या चाकणच्या लोकांशिवाय दुसरं कोण सांगणार? पुणे-नाशिक आणि तळेगाव-शिक्रापूर हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग आमच्या तळेगाव चौकात भेटतात आणि मग तिथेच मुक्काम ठोकतात. तेव्हा ऐका.

पहिलं म्हणजे, गाव किती वाढलं ते मोजू देऊ नका. आमची शेवटची मोजणी २०११ची, एक्केचाळीस हजारांच्या आसपास. २०२१ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ला. मधल्या काळात निम्मा मराठवाडा आणि बिहार इथं भाड्यानं राहायला आला, पण कागदावर आपण अजून कांदा मार्केटचं गाव. मर्सिडीज इथं बनते, हे दिल्लीत मुद्दाम सांगू नका. इथल्या रस्त्यावर चालवून दाखवा म्हणतील.

निवेदनावर तारीख घालू नका. पुढच्या वर्षी तीच प्रत चालते.

शिष्टमंडळात एक पगडीवाला, एक शालवाला आणि फोटो काढायला पुतण्या, एवढे पुरेत. निवेदन देताना कागदाकडे बघायचं नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं. परतल्यावर ‘अखेर पाठपुराव्याला यश’ असा फ्लेक्स चौकात लावा, सिग्नल झाकला जाईल असा. (सिग्नल तसाही बंदच असतो.)

महामार्गाचा नंबर बदलला तर पेढे वाटा. आमचा पुणे-नाशिक ५०चा ६० झाला, खड्डे तेच राहिले.

मंजुरी मिळाली की रस्ता झाला असं समजायला शिका. २ ऑगस्ट २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीनं आमच्याच पुणे-नाशिक महामार्गावरच्या नाशिक फाटा ते खेड या आठपदरी उन्नत मार्गाला मान्यता दिली. ३० किलोमीटर, ७,८२७ कोटी. आकडा वाचूनच पोट भरतं. योजना मात्र बीओटीवर, म्हणजे बांधणारा आपला खर्च टोलमधून काढणार. टोल कोण भरणार, ते तुमच्या फास्टॅगला विचारा.

आणि निधीची काळजी तर मुळीच नको. पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे आपण उपकर भरतो, त्यातूनच केंद्राचा रस्ते निधी उभा राहतो. कायदाच आहे तसा, २०००चा. म्हणजे तळेगाव चौकात इंजिन चालू ठेवून जितकं जास्त उभं राहाल, तितकी निधीत भर. कोंडी हीच देशसेवा! मग त्याच पैशासाठी शाल-नारळ घेऊन दिल्लीला जायचं आणि मिळाला तर पुन्हा आपणच जाहीर सत्कार करायचा.

आता अखत्यारीचं. हे नीट समजून घ्या. मागच्या आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं पिंपरीला. डोळ्यांत थेंब घालून घरून निघालो. बाहुल्या मोठ्या झालेल्या, ऊन सहन होईना, बिचारी पदर डोळ्यांवर धरून बसलेली. पुढे सर्व्हिस रोडच्या उघड्या गटारात एका टेम्पोचं चाक गेलेलं, मागे अख्खा औद्योगिक पट्टा हॉर्न वाजवतोय. पोचलो तेव्हा नंबर गेला होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “लवकर निघायचं ना काका.” निघालो होतो गं बाई, उजाडायच्या आत निघालो होतो!

घरी येऊन फोन लावले. पहिलं कार्यालय म्हणालं, डांबर आमचं, गटार आमचं नाही. दुसरं म्हणालं, गटार आमचं, पण झाकण रस्त्याच्या कामात धरलंय. तिसऱ्यानं लोकेशन मागितलं, पाठवलं, तर म्हणे हे चौकाच्या अलीकडे येतं, तुम्ही पहिल्यांकडे जा. पहिल्यांकडे साहेब नव्हते, साइटवर गेले होते. कुठल्या साइटवर? इथं साइट असती तर मी फोन कशाला केला असता?

फोन करताना आवाज चढवू नये, अशी एक टीप द्यायची होती. ती मला जमली नाही.

आणि काय हो, फक्त सरकारलाच किती दिवस शिव्या घालायच्या? सर्व्हिस रोडवर उलटे घुसता ते दिल्लीवाले का? दुकानाचा पत्रा रस्त्यात ओढता, त्याखाली गिऱ्हाइकाची गाडी लावता, आणि अतिक्रमणाची गाडी आली की नेत्याला फोन! जमिनीचा मोबदला मागा, हक्कानं मागा, पण गटारावर टपरी टाकून कसला मोबदला?

आणि साहेब, तुम्ही. उन्नत मार्ग यायचा तेव्हा येऊ दे. त्या गटाराला एक झाकण आणि चौकात संध्याकाळच्या शिफ्टला दोन वॉर्डन, याला कुठल्या समितीची मान्यता लागते? डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, लागतो? तुमच्या आईला घेऊन एकदा या त्या रस्त्यानं. झाकण टाका, या आठवड्यात टाका.