आधी बघा तरी, मग गेअरबॉक्स उतरवा!

ऑइल गळतंय त्याचं दुःख नाही, राव. गाडी १९९८ ची मारुती झेन आहे, रबराचं वय होणारच. डोकं फिरतंय ते ऑइल कुठनं गळतंय हे न बघता छातीठोक सांगणाऱ्यांमुळं. गाडी गॅरेजच्या दारात उभी केली, बॉनेट अजून उघडलेलं नाही, आणि मालक तोंडात मावा धरून, गुडघ्यावर हात टेकून गाडीखाली एक नजर टाकतो. इंजिन आणि गेअरबॉक्सच्या सांध्याला एक थेंब लोंबतोय. झालं, निकाल लागला! "क्रँकचं सील गेलंय, सायेब. गेअरबॉक्स उतरायला लागतोय. उतरतोयच तर क्लचप्लेट पण टाकून घेऊया." (क्रँकचं सील म्हणजे इंजिन आणि गेअरबॉक्सच्या मधली, ऑइल अडवणारी रबरी रिंग.)

खिसा माझा, हौस याची.

अरे बाबा, ऑइल वरनं खाली येतं. गाडी पळत असली की वाऱ्यानं मागंही सरकतं. थेंब जिथं पडतोय तिथंच गळती आहे असं कुठल्या आयटीआयमध्ये शिकवतात? या इंजिनात डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग, हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) टोकाला, नेमका गेअरबॉक्सच्या बाजूला बसतो. त्याची ओ-रिंग (गोल रबरी कडी) वाळून कडक झाली की ऑइल तिथनं निघतं, हेडवरनं ब्लॉकवर, ब्लॉकवरनं बेल हाऊसिंगवर (गेअरबॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडावर) ओघळतं आणि खालनं बघणाऱ्याला अगदी डिट्टो क्रँक सील गेल्यासारखं दिसतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, पॅकिंग त्या कोपऱ्यात गेलं असेल तरी तेच. म्हणजे एका थेंबाला तीन संशयित. त्यातले दोन बॉनेट उघडून, टॉर्च मारून पाच मिनिटात तपासता येतात, तिसऱ्यासाठी गेअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. आणि हे सुरुवात करणार तिसऱ्यापासनं! का, तर लेबर तिथं आहे.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं निदान बॉनेट तरी उघडलं. "टॅपेट कव्हरचं पॅकिंग हाय, अर्ध्या तासात करून देतो." दिलं की करून. जुनं पॅकिंग हेडला चिकटलेलं, ते चक्क स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं. हेड ॲल्युमिनियमचं आहे हो, लोखंडाचं नाही! त्यावर ओरखडा पडला की तिथनं ऑइलला कायमची वाट. मग नव्या रबरावर वाढदिवसाच्या केकला क्रीम लावावं तशी लाल पेस्ट बोटानं थापली. बाहेर आलेली पेस्ट दिसते, ती फडक्यानं पुसतात. आत दाबली गेलेली कोण पुसणार? ती तुटून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडते, ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटते आणि एक दिवस ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागतो. शेवटी बोल्ट आवळणं. पोरगं पान्यावर अख्खं वजन टाकून, दात-ओठ खाऊन आवळतंय. "टॉर्क पाना नाही का रे?" विचारलं तर सगळं गॅरेज माझ्याकडं बघून हसलं. रबरी पॅकिंगला एवढं चेपलं की ते चपटं होऊन जागा सोडतं, हे सांगायचं कुणाला?

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला परत तोच वास. तापलेल्या लोखंडावर जळणाऱ्या ऑइलचा वास एकदा नाकात बसला की शेजारच्या रिक्षाचा धूर आला तरी काळजात धस्स होतं.

परत गेलो तर ऐकायला काय मिळावं? "जुनी गाडी हाय, थोडंफार गळणारच की सायेब." मग तू पैसे थोडेफार का नाही घेतलेस, भावा?

आणि सल्ले देणाऱ्यांची जत्रा तर विचारूच नका. एक म्हणतो, २०डब्ल्यू-५० टाका, जाड ऑइल गळत नाही. गळतं! जरा सावकाश गळतं, एवढंच. आणि सकाळी गार इंजिनात वर पोचायला वेळ लावतं ते वेगळंच. दुसरा कसल्या तरी औषधाची बाटली आणून देतो, ऑइलमध्ये ओता म्हणे, सील फुगतात आणि गळती थांबते. रबर मऊ करून थोडे दिवस थांबतही असेल, पण तडा गेलेल्या रिंगला ते काय करणार? सासऱ्यांचं म्हणणं, विकून टाका जावईबापू. का विकू? १ एप्रिल २०२२ ला पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुढं चालू ठेवायला ६०० चे ५,००० झाले, वर पर्यावरण कर, तेही तेव्हा मुकाट्यानं भरले. ते काय बोटाएवढ्या रबरासाठी गाडी भंगारात घालायला?

ब्रीदर पाइप कुणी फुंकून बघितला का? पीसीव्ही व्हॉल्व्ह कुणी हलवून बघितला का? तो काजळीनं चोंदला की इंजिनातल्या वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही, आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधनंसुद्धा ऑइल बाहेर ढकललं जातं. नवीन पॅकिंग टाकूनही गळतंय म्हटल्यावर ही गोष्ट पहिल्यांदा आठवायला पाहिजे. माझा व्हॉल्व्ह साफ निघाला, पण तो बघितला मी. गॅरेजवाल्यांनी नाही.

आणि हे सगळं कुठं, तर कोल्हापुरात! यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं गाव हे. उद्यमनगरात गल्लोगल्ली लेथ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधनं देशभरच्या गाड्यांचं कास्टिंग जातंय. त्या गावात एक माणूस इंजिन धुऊन, पुसून, दहा मिनिटं त्याच्याकडं टक लावून बघायला तयार नाही.

शेवटी म्हटलं, बास. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटरला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, ब्रश आणि रॉकेलनं ती बाजू घासली, पाणी मारलं, वाळू दिलं. मग घरातली टाल्कम पावडर घेतली आणि हेडच्या टोकापासनं बेल हाऊसिंगपर्यंत पांढरं करून टाकलं. बायको गॅलरीतनं बघत होती, तिला वाटलं याचं काम संपलं. गाडी पन्हाळ्याच्या चढाला घातली, वर जाऊन बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हरची कड कोरडी ठक्क. आणि डिस्ट्रिब्युटरच्या मानेखालनं, पावडरीतनं एक तपकिरी रेघ सुरू झालेली, दोऱ्याएवढी बारीक, खाली उतरताना रुंद होत सरळ बेल हाऊसिंगवर. शेंबडं पोर असतं तरी बोट ठेवून दाखवलं असतं.

आता ती रिंग आणायची म्हटलं तर पहिल्या दुकानात उत्तर काय, "सुटी येत न्हाई, आख्खा डिस्ट्रिब्युटर घ्या." आख्खा! उद्यमनगरात ऑइल सील विकणाऱ्याकडं गेलो. त्यानं जुनी रिंग बोटात धरून वाकवली, ती कटकन मोडली. कॅलिपर लावून जाडी घेतली आणि रबराच्या जातीबद्दल एकच प्रश्न विचारला, "नायट्राइल देऊ का व्हायटन?" तेवढ्यावरच त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. व्हायटन घेतली, उष्णता जास्त सोसते म्हणून. पैसे? आमच्या कोपऱ्यावरच्या दोन मिसळींपेक्षा कमी.

डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी त्याच्या बॉडीवर आणि हेडवर सरळ एक रेघ मारून ठेवली, कारण तो जरा इकडचा तिकडं फिरला की टायमिंग बोंबलतं आणि गाडी पिकअप सोडते. बोल्ट सोडला, ओढला, खाच पुसली, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावून बसवली, रेघेला रेघ जुळवली. झालं. गेअरबॉक्स जाग्यावर, क्लचप्लेट जाग्यावर.

गळती बंद आहे. पण माझा राग बंद होईना, कारण परवा टॅपेट कव्हर परत नीट बसवावं म्हणून बोल्ट सोडायला गेलो तर एक बोल्ट नुसताच गोल फिरतोय. त्या पोरानं दात-ओठ खाऊन आवळलेला. हेडमधले आटे सोलून बोल्टाबरोबर वर आले. त्या गॅरेजला फोन केला तर म्हणतोय, "आमी सोडला तवा चांगला हुता." आणि लेथवाल्याला विचारलं, आहे तिथंच आटे पाडून बुश (नवीन आट्यांची नळी) मारून देतोस का, तर मोबाइलवरनं नजरही वर न उचलता म्हणतोय, "हेड उतरून आणा, मग बघू."

करंगळीएवढ्या बोल्टासाठी हेड उतरवा म्हणे!