नॉर्वेचं तेल आणि आपला कोळसा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तापमानवाढीचा विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘दीडशे-दोनशे वर्षं या श्रीमंत गोऱ्या देशांनी धूर सोडला आणि आता आपल्याला शहाणपण शिकवतात.’ दुसरा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘नॉर्वे बघा! सगळ्या गाड्या विजेवर. आपल्याला का जमत नाही?’ मी राहतो स्ताव्हांगरला. ही नॉर्वेची तेलनगरी. माझा पगारही फिरून फिरून समुद्राखालच्या तेलातूनच येतो, त्यामुळे नॉर्वेचं हे कौतुक ऐकताना मला जरा हसू येतं.

कौतुक खोटं मात्र नाही. 2024 मध्ये इथे विकल्या गेलेल्या दर 10 नव्या गाड्यांपैकी जवळपास 9 निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या. पण इथली माणसं आपल्यापेक्षा सज्जन आहेत म्हणून हे घडलं, असं कुणी समजू नये. विजेच्या गाडीला खरेदीकर 1990 पासून माफ झाला, 25 टक्के व्हॅट 2001 पासून माफ झाला, आणि पेट्रोलच्या गाडीवर मात्र जबरी कर राहिला. हिशेब करणारा माणूस विजेचीच गाडी घेणार. 2023 पासून महागड्या गाड्यांची सवलत थोडी कापली, पण तोवर सवय लागली होती.

शिवाय ती गाडी ज्या विजेवर चालते, ती बहुतेक धबधब्यांची. उंच डोंगर, भरपूर पाऊस आणि लोकसंख्या अवघी 55 लाखांच्या आसपास. आपल्याकडे कोयना आहे, पण तिचे 1,960 मेगावॉट महाराष्ट्राच्या भुकेला कुठे पुरणार? भार वाहतात ती चंद्रपूर, कोराडीसारखी कोळशाची केंद्रं. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते. (म्हणून आपल्याकडे विजेची गाडी घेऊ नये, असा अर्थ नाही. विजेची मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते.) नॉर्वेने गाड्या बदलल्या तेव्हा वीज आधीपासूनच स्वच्छ होती. आपल्याला दोन्ही एकदम बदलायचं आहे.

आता नॉर्वेची दुसरी बाजू. 1969 मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्क हे प्रचंड तेलक्षेत्र सापडलं आणि मासेमारी, जहाजं यांवर जगणारा देश बघता बघता श्रीमंत झाला. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाला मागे टाकून नॉर्वे युरोपचा सर्वांत मोठा गॅस पुरवठादार बनला. हे तेल आणि हा गॅस बहुतेक सगळा निर्यात होतो. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबपद्धतीत उत्सर्जन जिथे इंधन जळतं त्या देशाच्या नावावर टाकतात. म्हणजे नॉर्वेच्या तेलाचा धूर जर्मनीच्या किंवा ब्रिटनच्या वहीत. तो नॉर्वेच्याच वहीत धरला, तर आकडा देशातल्या उत्सर्जनाच्या साधारण दहापट होतो. तो न धरताही नॉर्वेतल्या माणसाचं दरडोई उत्सर्जन भारतीयाच्या साधारण तिप्पट आहेच. तेव्हा ‘आधी यांनी सोडलं’ म्हणणाऱ्या पक्षाचं गणित चुकीचं नाही.

मधूनच एक काका लिहितात, ‘हे सगळं निसर्गचक्र आहे, पृथ्वी तापते आणि निवते.’ त्यांच्यासाठी एवढंच: सजीवांच्या शरीरात कार्बन-14 नावाचा किरणोत्सारी कार्बन थोडासा असतो आणि सुमारे 5,730 वर्षांत तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात आणि तेलात तो उरतच नाही. हान्स झ्यूस या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात दाखवलं की हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-14 चं प्रमाण पातळ होत चाललं आहे. म्हणजे पुरलेला जुना कार्बन हवेत मिसळतो आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे 280 होते, आता 420 च्या वर आहेत. ही वाढ जळलेल्या इंधनाची आहे हे ओळखायला इतका सरळ पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

इथल्या चर्चा ऐकताना मात्र घरचीच आठवण येते. ‘आपण तेल काढणं थांबवलं तर दुसरे कुणीतरी काढतील, तेही अधिक घाण करून’ हे वाक्य नॉर्वेत निवडणुकीत, टीव्हीवर, आमच्या कँटीनमध्येही ऐकू येतं. पुरावा म्हणून योहान स्वेरड्रुप तेलक्षेत्राचं नाव घेतात, कारण तिथल्या यंत्रांना किनाऱ्यावरून जलविद्युत पुरवतात. तेल काढताना धूर कमी होतो हे खरं. पण पिंपातल्या तेलाचा बहुतांश धूर ते जाळताना निघतो, त्याचं काय? आपल्याकडचं ‘आपण थांबलो म्हणून चीन थोडाच थांबणार’ हे त्याचंच भावंड. फरक इतकाच की आपल्याकडे ते बोलणाऱ्याच्या घरात अजून दिवे जात असतात, आणि इथे बोलणाऱ्याच्या गॅरेजमध्ये दोन टेस्ला असतात. माझ्या लेखी या दोघांना एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

नॉर्वेकडून घेण्यासारखं काही असेल, तर ती गाडी नव्हे, तिजोरी. नॉर्वेच्या तेलप्रशासनाची घडी बसवण्यात फारूक अल-कासिम या इराकी भूगर्भशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. 1968 मध्ये तो आजारी मुलाच्या उपचारांसाठी इथे आला. (परदेशातून आलेल्या माणसाचा असा उपयोग करून घेणारी नोकरशाही मला इथल्या फ्योर्डांपेक्षा, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांपेक्षा, जास्त आवडते.) तेलकंपन्यांच्या नफ्यावर 78 टक्के कर, आणि त्यातून 1990 च्या कायद्याने उभा राहिलेला निधी. आज तो दीड लाख कोटी डॉलरहून मोठा आहे. सरकारने त्यातून दरवर्षी सरासरी 3 टक्क्यांच्या आसपासच खर्च करावा असा दंडक आहे. तेल संपेल हे धरूनच ही मांडणी केली आहे.

आपल्याकडेही सुरुवात झाली होती. 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लागला, स्वच्छ ऊर्जेसाठी. 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला. जमलेल्या पैशातला मोठा भाग त्या कामासाठी वापरलाच गेला नाही, आणि 2017 मध्ये जीएसटी आल्यावर उपकर राज्यांच्या बुडालेल्या करांची भरपाई करण्याकडे वळला. सप्टेंबर 2025 मध्ये तोही गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. कर उरला, पण त्यावरचं स्वच्छ ऊर्जेचं नाव पुसलं गेलं. आमच्या ग्रुपवर यावर एक ओळ आली नाही. गोऱ्यांच्या पापांवर त्या आठवड्यात चाळीसेक तरी आल्या असतील.

ग्रुपवर वाद घालायचाच असेल तर तो चंद्रपूरच्या कोळशावरून घालावा. खाणकामाच्या जिल्ह्यांसाठी 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणमालक भरतात त्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) प्रमाणात त्यात पैसा जमतो. तो रस्ते आणि इमारतींवर किती जातो, आणि कोळसा संपल्यावर ज्यांचं पोट अडणार आहे त्यांच्या पोरांना दुसरं काम शिकवण्यावर किती? भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जेवढं सोडू तेवढं शोषून घेण्याचं, वचन ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये दिलं. आज खाणीवर लागलेला विशीतला मुलगा तोवर साठी ओलांडून गेला असेल. त्याच्या मुलाची नोकरी कुठली, हे आत्ताच ठरवावं लागेल, आणि त्यासाठी कुठल्या गोऱ्याची परवानगी लागत नाही.