एवढं झाडायचं कोणी?

म्हैसूरच्या राजवाड्यात शिरायच्या आधी चपला-बूट बाहेर ठेवावे लागतात हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. म्हणजे मी तो मोजा घातला नसता. डाव्या पायाचा अंगठा अख्खा बाहेर, आणि समोर वडियार घराण्याचे एकेक महाराज सोनेरी चौकटीतून खाली बघतायत. कुठल्याही राजवाड्यातला गाईड तुम्हाला हमखास सांगतो की साहेब, इथून बघा, तिथून बघा, चित्रातले राजे तुमच्याकडेच बघतात. यावेळी मला ते पटलं. ते अंगठ्याकडेच बघत होते.

बायको म्हणाली, "अरे, मोजे काढ ना सरळ." काढले. मग ते ठेवायचे कुठे? खिशात. आणि मग दिवसभर रुमाल म्हणून दोनदा तेच बाहेर आले, तो विषय नको.

तर आमच्या घरात राजवाडे बघायचं खूळ आहे. खूळ माझं नाही, बाबांचं. बाबा जन्मभर बांधकामावर सुपरवायझर होते आणि रिटायर झाल्यापासून त्यांना बघायला नवीन बांधकाम नाही, त्यामुळे ते जुनी बघतात. आईला राजवाडा म्हणजे झाडलोट दिसते. बायकोला फोटो काढण्यासारख्या खिडक्या दिसतात, पोराला टॉयलेट कुठाय ते दिसतं (दिसत नाही, म्हणूनच विचारतो) आणि मला दिसतात फक्त जिने. कारण सगळ्यांच्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, आईची शाल आणि पोराने अर्धा खाल्लेला वडा हे सगळं घेऊन ते जिने मी चढत असतो. राजा असा कुणाला दिसलाच नाही अजून.

पहिला बळी ग्वाल्हेर. शिंद्यांचा जयविलास पॅलेस. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधला, इंग्लंडचा युवराज येणार म्हणून. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की पडदे धुतात, यांनी वाडाच नवीन बांधला. दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, एकेक साडेतीन टनांचं. ती टांगायच्या आधी छत पेलेल का बघायला म्हणे वर हत्ती चढवले होते. कुणी आठ सांगतं, कुणी दहा. हे ऐकल्यावर बाबा जागच्या जागी थांबले. डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. "याला म्हणतात लोड टेस्ट!" मग पुढचा अर्धा तास ते हत्ती वर गेले कसे, उतार किती अंशाचा केला असेल, आणि मुख्य म्हणजे वर गेलेला हत्ती घाबरला तर खाली आणायचा कसा, यावर बोलत होते. शेजारी उभ्या असलेल्या एका गुजराती कुटुंबालाही त्यांनी त्यात ओढलं. ते बिचारे हो हो करत होते.

आई वर बघत होती. बराच वेळ. मला वाटलं भारावली. तर म्हणाली, "याला शिडी किती मोठी लागत असेल रे? आणि लोलक एकेक काढून धुवायचे म्हणजे दिवाळीच्या आधी चतुर्थीपासून बसावं लागेल."

खाली अंथरलेला तो अवाढव्य गालिचा जेलमधल्या कैद्यांनी विणलाय असं सांगतात. आई म्हणाली, विणायचं ठीक आहे, झटकायला नेतात कुठे? याचं उत्तर गाईडकडे नव्हतं. गाईडला वर्ष पाठ असतात, किंमत पाठ असते, बेल्जियम तर इतका पाठ असतो की विचारू नका. प्रत्येक राजवाड्यात आरसा बेल्जियमचा, काच बेल्जियमची. मला कधीकधी वाटतं त्या काळात खुद्द बेल्जियममध्ये लोक खिडक्यांना पोती लावून बसत असतील.

पण जयविलासात आईचा सगळा राग एका गोष्टीने गेला. ती म्हणजे चांदीची आगगाडी. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ आहेत आणि त्यावर ही छोटी गाडी फिरायची, डब्यांत सुकामेवा, सिगार आणि दारूच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की चालू. बाबांना त्यातली वायरिंग बघायची होती, पोराला ती चालू करून हवी होती. आई मात्र एकदम शांत झाली. "म्हणजे वाढायला उठायचंच नाही?" तिने दोनदा विचारलं. घरी आल्यावर पुढच्या सत्यनारायणाला चाळीस पानं वाढताना ती प्रत्येक फेरीला पुटपुटत होती, शिंद्यांची गाडी असती तर. दारूच्या जागी मठ्ठा ठेवायचा, एवढाच फरक.

दुसरा बडोदा. तिथं खरं तर मामेभावाच्या लग्नाला गेलो होतो, दांडिया बाजारात कार्यालय. तिथली मंडळी अस्सल मराठी, फक्त बोलता बोलता मध्येच "चालो" म्हणून उठतात, तेव्हा आपण पण उठतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळं वऱ्हाड झोपलेलं असताना बाबा आंघोळ करून, टोपी घालून तयार. लक्ष्मी विलास पॅलेस. रिक्षावाल्याने वाटेत तीन वेळा सांगितलं की हा लंडनच्या बकिंगहॅमच्या चौपट आहे. मी मनात म्हटलं, म्हणजे जिने पण चौपट.

हा सयाजीरावांनी बांधला, 1890 मध्ये पूर्ण झाला. सयाजीराव म्हणजे मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचं पोर, नाव गोपाळ. बाराव्या वर्षी दत्तक म्हणून बडोद्याला नेलं. तिथं विचारलं, इथं कशाला आणलंय माहितेय का, तर बाकीची मुलं गप्प आणि हा म्हणाला, राजा व्हायला. असं सांगतात बुवा. आमच्या चिरंजिवांचं वय तेव्हा अकरा. मी त्याला ही गोष्ट सांगितली, जरा काही प्रेरणा वगैरे. तो म्हणाला, "तिथं वायफाय होतं?"

इथं ऑडिओ गाईड देतात. कानाला लावायचं आणि समोरच्या पाटीवरचा नंबर दाबायचा. कल्पना चांगली आहे, पण पाच माणसांच्या मराठी कुटुंबाच्या हातात देण्यासारखी नाही. बाबा दोन नंबरवर अडकले होते कारण त्यांना तो पुन्हा पुन्हा ऐकायचा होता. आई पाचवर, बायको खिडकीत, आणि पोराने सगळे आकडे एकामागोमाग दाबून दहा मिनिटांत गायकवाड घराणं संपवलं. शिवाय कानाला यंत्र असल्यामुळे प्रत्येकजण ओरडून बोलतो. त्या शांत दरबार हॉलमध्ये, जिथं खाली व्हेनिसचं मोझेक आहे आणि रंगीत काचांमधून उजेड येतोय, तिथं आईचा आवाज घुमला, "अहोऽ, गोळी घेतली का सकाळचीऽऽ?" एक परदेशी बाई दचकून यंत्राकडे बघायला लागली. तिला वाटलं रेकॉर्डिंगमध्येच आहे.

बाबा दोन नंबरवर का अडकले होते ते नंतर कळलं. हा राजवाडा ज्याने आखला तो मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरचा न्यू पॅलेस पण त्याचाच. त्याची गोष्ट अशी सांगतात की काम चालू असतानाच त्याच्या मनाने घेतलं, आपली आकडेमोड चुकली, हे सगळं कोसळणार. त्या धसक्यानेच त्याने जीव दिला म्हणे. पुढचं काम चिझम नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने पुरं केलं. आणि राजवाडा? हा काय समोर उभा आहे, भिंतीला साधी चीर नाही.

बाबा बाहेर हिरवळीवर बसून राहिले थोडा वेळ. मग म्हणाले, "ज्याला काळजी होती तो असा गेला. आणि आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून गेलेला तो माणूस बघ. झोपत असेल ना निवांत?"

आता हे वॉटरप्रूफिंग सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय बाबांचं राजवाडे बघणं कळणार नाही. आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची. तीन पावसाळे आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आहे. त्या ओलीचा आकार पहिल्या वर्षी श्रीलंकेसारखा होता, आता ऑस्ट्रेलिया झालाय. सोसायटीच्या मीटिंगा झाल्या, दोनदा कामं झाली, भांडणं झाली, तळमजल्यावाले म्हणतात गच्ची आमची नाही, आम्ही म्हणतो मग पार्किंग पण आमचं नाही. त्यामुळे बाबा राजवाड्यात शिरले की आधी छताच्या कोपऱ्यात बघतात. ओल आहे का. मग भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक. मग तिथला रखवालदार येतो. मग मी येतो. हे प्रत्येक दालनात.

तर म्हैसूर. गेल्या मे महिन्यात, रविवार बघून गेलो, कारण रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लावतात. आत शिरायच्या आधीच सांगितलं ते मोज्याचं झालं. बाहेर अंगणात फरशी अशी तापली होती की आम्ही पाचही जण टिपऱ्या खेळल्यासारखे पळत सावलीत आलो.

हा वाडा आधी लाकडाचा होता. 1897 मध्ये राजकन्येच्या लग्नात आग लागली आणि गेला. लग्नात आचाऱ्याचं जेवण करपलं तर आपल्याकडे तीन पिढ्या बोलतात, इथं वाडाच गेला. मग हेन्री आयर्विन नावाच्या इंग्रजाला बोलावून नवीन बांधला, 1912 ला पूर्ण झाला, खर्च साधारण साडेएक्केचाळीस लाख. आकडा ऐकला आणि बाबांनी खिशातून पेन काढलं. "आपल्या गच्चीचं कोटेशन अठरा लाखांचं आहे. म्हणजे सव्वादोन गच्च्यांत हा वाडा." मी म्हटलं बाबा, ते 1912 चे रुपये. "असू देत," बाबा म्हणाले, "पण गळत नाही ना?"

लग्नाचा अष्टकोनी मंडप मात्र खरंच बघण्यासारखा आहे. वरती रंगीत काचांचं छत, त्यात मोर, आणि खाली ओतीव लोखंडाचे उंच खांब. हे सगळं ग्लासगोहून करून आणलंय. बेल्जियम नाही! मला इतका आनंद झाला की मी गाईडला दोनदा विचारून खात्री केली. बाबांनी खांबावर टकटक केलं, आवाज ऐकला, मान हलवली. "सर, डोंट टच," रखवालदार म्हणाला. बाबांनी त्याला मराठीत समजावलं की मी जन्मभर हेच केलंय. त्याने कन्नडमध्ये काहीतरी समजावलं. दोघांचा सूर इतका सारखा होता की मला वाटतं तो पण हेच सांगत होता.

सोन्याचं सिंहासन दिसलं नाही, ते दसऱ्याला मांडतात. पण सोन्याची अंबारी दिसली. साडेसातशे किलो. दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्ती हे पाठीवर घेऊन चालतो, वर चामुंडेश्वरीची मूर्ती. मी खांद्यावरच्या तीन बॅगा सरकवून त्या हत्तीविषयी जरा वेळ विचार केला. त्या गर्दीत माझ्याशी जवळीक साधणारं तेवढंच कुणीतरी होतं. आणि त्याला निदान दसऱ्यालाच उचलायचं असतं.

वरच्या दरबार हॉलमध्ये रंगवलेले खांबच खांब, ओळीने, आणि एक अख्खी बाजू मैदानाकडे उघडी. आई वाऱ्याला उभी राहिली. मला माहीत होतं आता काय येणार. "सगळी धूळ आत," ती म्हणाली. "एका माणसाने या टोकाकडून झाडत निघायचं, त्या टोकाला पोचेपर्यंत इकडे परत तेवढीच."

"आई, नोकर असतात गं."

"नोकरांच्या पाठीमागे उभं कोण राहतं? राणीच ना?" 

एवढं बोलून तिने राणीच्या फोटोकडे अशा नजरेने बघितलं ना, जशी ती समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींकडे कामवाली न आल्याच्या दिवशी बघते. आमच्या अख्ख्या खानदानातून राजघराण्यातल्या कुणाशी कुणाचं पटलं असेल तर ते तेवढंच.

बाहेर आलो तर बुटांचं टोकन नाही. प्रत्येकाने प्रत्येकाच्या खिशात शोधलं. माझ्या खिशातून दोनदा मोजे निघाले. शेवटी सापडलं बाबांच्या माहितीपुस्तकात, त्यांनी आयर्विनच्या पानावर खूण म्हणून घातलं होतं. तोपर्यंत पोराला भूक, बायकोच्या मोबाईलची बॅटरी दोन टक्के (सत्तावीस खिडक्या झाल्या होत्या) आणि दिवे लागायला अजून दीड तास. मग तो दीड तास आम्ही बाहेर काढला, त्यात तीन नारळपाणी, एक भांडण आणि मैसूरपाकाचा अर्धा किलोचा बॉक्स जो घरी न्यायचा होता तो संपला.

सातच्या सुमाराला परत आत मैदानात. माणसं म्हणजे जत्रा. अंधार पडत आलेला, वाडा नुसता काळपट दिसतोय, मी पोराला खांद्यावर घेतलेलं कारण बॅगा उतरवल्यावर खांदा मोकळा दिसला ना त्याला. आणि एकदम लागले. एका क्षणात, सगळे, 97 हजारांच्या आसपास दिवे, कमानी, घुमट, सज्जे, सगळ्यांच्या कडा सोन्याच्या. गर्दीतून एकच "आऽऽऽ" निघाला. पोराच्या तोंडून पण निघाला. बायकोचा मोबाईल तेवढ्यात बंद पडला आणि ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मी सुद्धा अंगठा, बॅगा, जिने सगळं विसरलो होतो, खरं सांगतो.

बाबा हळूच म्हणाले, "एक पण गेलेला दिसत नाही गं." ते मघापासून बंद दिवा शोधत होते.

आईने पदराने चष्मा पुसला, परत लावला, वरच्या घुमटापर्यंत नीट नजर नेली.

"अहो, पण एखादा गेलाच," ती म्हणाली, "तर बदलायला स्टूल कुठलं आणायचं?"