प्रकल्पात इंग्रजी नेमके कोण बोलते?

इंग्रजी शिकवताना प्रकल्प आणि तंत्रज्ञान या दोहोंचा उपयोग करावा, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. माझा आक्षेप आहे तो त्यांच्या क्रमाला. अनेकदा आधी ॲप ठरते, मग त्यात बसेल असा विषय शोधला जातो आणि रंगीत स्लाइड्स तयार झाल्या की प्रकल्प यशस्वी झाला असे मानले जाते. त्या स्लाइड्स तयार होत असताना, ज्या मुलाला इंग्रजी येत नाही त्याने स्वतः किती वाक्ये उच्चारली, हे विचारायचे मात्र राहूनच जाते. माझ्या मते सगळ्या प्रकल्पाची कसोटी हीच आहे.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या बंगळूरच्या प्रयोगात व्याकरणाचे नेमून दिलेले पाठ बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रके यांवर आधारित कामे सोडवायला दिली होती. लक्ष अर्थाकडे लागलेले असताना भाषेची घडण मनात उतरत जाते, ही त्यामागची धारणा होती. यंत्रांवाचून ते काम उभे राहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. काम चांगले असेल तर यंत्र त्याला बळ देते. काम पोकळ असेल तर यंत्रामुळे ती पोकळी फक्त झाकली जाते.

नुसते ऐकवून आणि दाखवूनही भागत नाही. कॅनडात इंग्रजी बोलणारी मुले वर्षानुवर्षे फ्रेंचमधून शालेय विषय शिकत होती. ऐकलेले, वाचलेले त्यांना उत्तम समजत होते, तरी बोलण्या-लिहिण्यातल्या चुका जात नव्हत्या. भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ पासून यावरून मांडले की, आपले म्हणणे नेमकेपणाने मांडण्याची वेळ आल्याशिवाय भाषेतल्या उणिवा शिकणाऱ्याच्या ध्यानात येत नाहीत. व्हिडिओ दाखवून इंग्रजी येईल, असे मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

शाळेतल्या गळक्या नळांचा साधा प्रकल्प घेऊ. मुले नळाखाली मापाचे भांडे ठेवतात, घड्याळ लावतात, तासाला किती पाणी वाया जाते ते काढतात आणि दुरुस्तीची मागणी करणारे निवेदन इंग्रजीत मुख्याध्यापकांसमोर मांडतात. ‘इफ वी रिपेअर धिस टॅप, वी विल सेव्ह वॉटर’ हे वाक्य इथे पाठांतरासाठी येत नाही. ते म्हटल्याशिवाय मागणीच पुरी होत नाही. अशी कोणती वाक्ये लागतील याची यादी शिक्षकाने आधी करायला हवी, आणि प्रकल्पाच्या आखणीत नेमका हाच भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो.

आता मोबाइलचे काम सुरू होते. आपले निवेदन रेकॉर्ड करून ऐकणारी मुलगी ‘द वॉटर गो’ या शब्दांशी थबकते, रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकते, शेजारणीला विचारते आणि ‘द वॉटर गोज’ असे म्हणून पुन्हा रेकॉर्ड करते. भर वर्गात शिक्षकाने तीच चूक सुधारली असती तर ती कदाचित पुढे बोललीच नसती. स्वतःचा आवाज ऐकण्याची, तो पुसण्याची आणि कुणासमोर लाज न वाटता पुन्हा बोलण्याची ही सोय फळ्यावर होऊ शकत नाही. तंत्रज्ञानाची मला सर्वांत पटणारी बाजू हीच आहे, आणि त्यासाठी महागडे ॲप लागत नाही. एका गटाला एक साधा फोन पुरतो.

गटाचे मात्र पथ्य पाळावे लागते. मोकळे सोडले की ज्याला इंग्रजी येते तो बोलतो आणि ज्याला येत नाही तो चित्रे चिकटवतो. म्हणून माहितीचे वाटप असे करावे की प्रत्येकाजवळ इतरांकडे नसलेला एक तुकडा असेल आणि तो सांगितल्यावाचून काम पुढे सरकणार नाही. आखणीच्या वेळी मुलांनी आपल्या भाषेत खुशाल भांडावे, कारण विचार पक्का झाला की त्याला इंग्रजी शब्द शोधणे सोपे जाते.

अस्खलित गप्पा मारणारे मूल अहवाल लिहिताना अडखळते, तेव्हा त्याला आळशी ठरवू नये. भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार, इंग्रजीभाषक देशात नव्याने आलेल्या मुलांनाही बोलचालीची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला मात्र पाच ते सात वर्षे लागतात. म्हणूनच प्रकल्पात नुसते सादरीकरण न ठेवता सलग लेखनही हवे.

चॅटबॉट क्षणात निर्दोष अहवाल देतो, ही अडचण खरी आहे. बंदी घालून ती सुटेल असे मला वाटत नाही. मुलांनी पहिला कच्चा मसुदा हाताने लिहावा, मग यंत्राने सुचवलेला प्रत्येक बदल का स्वीकारला किंवा का नाकारला ते तोंडी सांगावे, आणि गुण देताना कच्चा मसुदा, पहिले रेकॉर्डिंग आणि शेवटचे रेकॉर्डिंग एकत्र ठेवून त्यांत काय बदलले ते पाहावे. स्लाइड्सच्या सजावटीला गुणच नसावेत.