पट्टे मोजून कॅनेलो पहिला ठरत नाही

मेक्सिकोच्या बॉक्सरांची क्रमवारी लावायची म्हटलं की हल्ली एकच दावा फिरत असतो: साउल ‘कॅनेलो’ आल्वारेझ हाच आजवरचा सर्वश्रेष्ठ. कारणंही ठरलेली. चार वजनगटांत किताब, 168 पाउंडांच्या गटात चारही मोठ्या संघटनांचे पट्टे (म्हणजे जगज्जेतेपदाचे बेल्ट) एकाच वेळी, आणि हरला तो फक्त अंगापिंडानं मोठ्या असलेल्यांकडून. शिवाय मेक्सिकोचेच जुने दिग्गज: हुलिओ सेझार चावेझनं म्हणे टॅक्सी ड्रायव्हर झोडपले, आणि साल्वादोर सांचेझ तरुणपणीच गेला म्हणून त्याचे गोडवे गायले जातात. कॅनेलो भारी आहे, पहिल्या पाचात मीही त्याला बसवतो. पण पहिला नाही.

चार वजनगटांचं आधी बघू. 154 पाउंडांचा पट्टा 2011 मध्ये रिकामा पडला होता आणि समोर होता मॅथ्यू हॅटन, खालच्या गटातून वर आलेला. 168 मधला पहिला पट्टा त्यानं रॉकी फील्डिंगकडून घेतला, तोही दुय्यम दर्जाचा. त्याच संघटनेचा मुख्य पट्टा तेव्हा कॅलम स्मिथकडे होता. (स्मिथला 2020 मध्ये त्यानं चोख हरवलं, ते श्रेय त्याचंच.) 175 मध्ये 36 वर्षांच्या सर्गेई कोवालेवला पाडलं आणि तो पट्टा लगेच सोडून दिला. मिगेल कोट्टोला हरवलं ते खरं, पण मिडलवेटच्या (160 पाउंड) त्या किताबासाठी वजन ठरलं होतं 155, म्हणजे मर्यादेपेक्षा पाच पाउंड कमी. उलट मेक्सिकोच्याच रुबेन ओलिवारेसनं 1969 मध्ये लायनेल रोझला पाचव्या फेरीत आडवा केला तेव्हा दोनच मोठ्या संघटना होत्या, आणि दोन्हींचा बँटमवेट (118 पाउंड) किताब एका रात्रीत त्याच्याकडे आला. आज एका गटात चार पट्टे, त्यात ‘सुपर’ (मुख्य) आणि ‘रेग्युलर’ (दुय्यम) असे पोटभेद. आकडा फुगणारच.

‘फक्त मोठ्यांकडून हरला’ हे तर धडधडीत चूक. 175 पाउंडांत त्याला हरवणारा दिमित्री बिवोल मोठा होता, मान्य. पण 2013 मध्ये हरवलं ते फ्लॉइड मेवेदरनं, ज्याची सुरुवात 130 पाउंडांत झाली. आणि सप्टेंबर 2025 मध्ये चारही पट्टे काढून घेतले ते टेरेन्स क्रॉफर्डनं, जो 135 पासून चढत आला होता आणि या लढतीसाठी 154 वरून थेट 168 वर गेला. तीन पराभवांपैकी दोन लहान माणसांकडून.

टॅक्सी ड्रायव्हरची गोष्ट अमेरिकन बॉक्सर ग्रेग हॉगनची. चावेझनं तिहुआनाच्या टॅक्सीवाल्यांना हरवून विक्रम केला, असं तो लढतीआधी हिणवत होता. फेब्रुवारी 1993 मध्ये मेक्सिको सिटीच्या अस्तेका स्टेडियमवर 1 लाख 30 हजारांहून अधिक लोकांसमोर पाचव्या फेरीत त्याचा निकाल लागला आणि नंतर तोच म्हणाला, ते टॅक्सीवाले बरेच दणकट असावेत. चावेझच्या शंभराहून अधिक विजयांत भरताड आहेच, नाकारत नाही. पर्नेल व्हिटेकरविरुद्धची ‘बरोबरी’ही बहुतेकांच्या मते त्यानं गमावलेली लढत होती. पण 1987 मध्ये त्यानं ज्याला शिजवलं तो एडविन रोसारिओ काही टॅक्सीवाला नव्हता. मेल्ड्रिक टेलरही नव्हता. तो ऑलिंपिक सुवर्णविजेता, अपराजित, आणि 17 मार्च 1990 च्या रात्री तीनपैकी दोन जजांच्या गुणपत्रिकांवर पुढे. बाराव्या फेरीत चावेझच्या उजव्या ठोशानं तो कोपऱ्यात कोसळला, उठला, पण रेफ्री रिचर्ड स्टील यांच्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही. लढत थांबली तेव्हा घड्याळात दोन सेकंद उरले होते. निर्णयावर अजून भांडणं होतात. त्या बारा फेऱ्यांत टेलरच्या तोंडाची जी दशा झाली होती, तिच्यावर होत नाहीत.

आता सांचेझ. 12 ऑगस्ट 1982 ला पोर्शेच्या अपघातात गेला, वय 23. सहानुभूती असेल, पण त्यानं कोणाला हरवलं ते बघा. डॅनी लोपेझ दोनदा, विल्फ्रेदो गोमेझ, अझुमा नेल्सन. तिघंही पुढे बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये. गोमेझ 32 विजय आणि 32 नॉकआउट घेऊन आला होता, पहिल्याच फेरीत खाली बसला आणि आठव्यात संपला. लोपेझला त्यानं आधी तेराव्या, मग चौदाव्या फेरीत थांबवलं, नेल्सनला पंधराव्या. यातली एकही फेरी आज अस्तित्वात नाही. सगळं बाराव्याला संपतं, पुढचं जज ठरवतात, आणि जजांनी कॅनेलोला गेनादी गोलोवकिनच्या वेळी किती सांभाळून घेतलं हे 2017 च्या बरोबरीत सुटलेल्या लढतीची, कॅनेलोच्या बाजूनं 118-110 अशी एका जजची गुणपत्रिका पाहिलेल्यांना सांगायला नको.

माझा क्रम चावेझ, सांचेझ, ओलिवारेस, मग कॅनेलो. अडचण होते ती मेक्सिकोच्याच रिकार्दो लोपेझची: 51 विजय, एक बरोबरी, पराभव शून्य. व्हायरल याद्यांत तो सहसा नसतोच. त्याला कॅनेलोच्या खाली ठेवायचं तर कारण द्यावं लागेल, आणि ‘105 पाउंडांचा चिमुकला गडी’ यापलीकडे कुणी काही सांगताना मला तरी दिसलं नाही.