हे चौघे कोण बे?

जानेवारीत आमच्या फ्लेक्सच्या दुकानात जेवायला वेळ नसतो. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, संक्रांतीच्या शुभेच्छा, आणि वाढदिवसवाले तर बारा महिने. त्यातच १२ जानेवारी. १९३१ साली याच दिवशी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

यंदा एका मंडळाचा बॅनर होता. घाईत डिझाइनवाल्या पोरानं एका एआय ॲपला सांगितलं, सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे फोटो दे. चहा येईपर्यंत चार चेहरे हजर. काळे-पांढरे, जरा पिवळट, जुन्या फोटोला असतात तसे ओरखडेसुद्धा. मीही वरवर बघितलं आणि आठ बाय सहा मशीनला लावला. न्यायला आलेल्या काकांनी तो तिथंच उलगडला, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे चौघे कोण बे?"

कोणीच नव्हते. जगात कधी नव्हते.

चूक आमची, भुर्दंडही आमचाच. दुसऱ्या दिवशी पहाटे पोराला चार पुतळ्याला, म्हणजे या चौघांचे पुतळे आहेत त्या चौकात पाठवलं, पुतळ्यांचे फोटो काढून आणले आणि ते लावले. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पोरानं 'काढ' म्हटलं नव्हतं, 'दे' म्हटलं होतं. ॲपनं शोधायचं सोडून बनवलं, आणि बनवलंय हे सांगितलंही नाही.

शोधणारा रिकाम्या हातानं परत येऊ शकतो. बनवणारा कधीच येत नाही. यातली बरीच यंत्रं चित्र बनवतात ती नुसत्या ठिपक्यांच्या धुरळ्यापासून सुरुवात करून, तुमच्या शब्दांशी जुळेल असा आकार त्यातून हळूहळू साफ करत. त्या कामात 'सापडलं नाही' ही पायरीच नाही. शब्द द्या, काहीतरी निघणारच. म्हणून शोधायचं की बनवायचं हे आधीच, प्रश्न वाचतानाच ठरायला हवं. ज्या वस्तूला, माणसाला, जागेला नाव आहे आणि जी खरोखर होती किंवा आहे, तिचं चित्र शोधूनच आणावं. नाही मिळालं तर नाही म्हणावं. आमच्या चौकात पत्ता माहीत नसताना हात वर करून रस्ता दाखवणारे कमी नाहीत, त्यात यंत्राची भर कशाला?

गंमत म्हणून त्याच ॲपला नंदीध्वज मागितला. एक धष्टपुष्ट नंदी आला, पाठीवर भगवा झेंडा! सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या त्या उंच सात काठ्या, त्या पेलणारी बाराबंदीतली माणसं, कशाचाच पत्ता नाही. यांचे फोटो तर ढिगानं आहेत. शोधलं असतं तर मिळाले असते.

मोठ्यांचंही हसं झालंय. २०२४ च्या फेब्रुवारीत गूगलच्या जेमिनी या एआयनं दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांच्या चित्रांत कृष्णवर्णीय आणि आशियाई चेहरे काढले, आणि कंपनीला माणसांची चित्रं बनवणं काही काळ बंद ठेवावं लागलं.

कुणी म्हणेल, मग सरळ शोधावं की. तेही आता पहिल्यासारखं राहिलं नाही. त्याच वर्षी गूगलवर मोराचं पिल्लू शोधलं तर एआयनं काढलेली गोंडस, तुरेवाली पिल्लं ढिगानं यायची. खरं पिल्लू मातकट तपकिरी असतं, कोंबडीच्या पिल्लासारखं दिसणारं. म्हणजे आणलेलं चित्र कुठून आणलं हेही सोबत यायला हवं. (आम्ही फ्लेक्सवाले आजवर कुणाचे फोटो विचारून घेत होतो, असं नाही. ते पाप कबूल.)

आणि प्रत्येक प्रश्नाला चित्र लागतंच असं कुठंय? सोलापूर ते तुळजापूर किती लांब, एवढंच विचारलं तर ४५ किलोमीटर सांगा आणि गप्प बसा. वर मंदिराचं चित्र नको.

मी एआयच्या विरोधात नाही बरं का. आमच्याच गल्लीतले एक जण चादरीची डिझाइन करतात, ते रोज बनवून घेतात. मोर हवा, पण वेलीत गुंफलेला, चार रंगांत. अशी चादर अजून कुठंच नाही, मग शोधणार काय? इथं बनवणंच बरोबर. शिवाय ते चित्र थेट मागावर जात नाही. आधी ग्राफवर चौकट-चौकट उतरवावं लागतं, मग जॅकार्ड, म्हणजे मागावरची नक्षी उठवणारी जोडणी. तिथं माणसाची नजर फिरतेच.

अडचण मधल्या गोष्टींची. इंग्रजांनी १९३० साली सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉमधला (लष्करी कायद्यातला) एखादा प्रसंग, ज्याचा फोटोच नाही, तो मुलांना दाखवायचा तर? दाखवावा, पण चित्र म्हणून. ब्रशचे फटकारे दिसू देत, रेघा दिसू देत. चित्रकार हेच करत आलेत आणि कुणी फसलं नाही. खोटे ओरखडे ओढून जुना फोटो असल्याचा आव आणला की ती लबाडी झाली. कोपऱ्यात 'एआय निर्मित' लिहिलं की भागलं, हे मला पटत नाही. तो कोपरा कापायला आमच्या पोराला दोन सेकंद लागतात.

काल त्या ॲपला परत विचारून बघितलं. परत चार चेहरे आले. या वेळी वेगळेच चौघे.

कुणाच्या घरी जुन्या स्मरणिकेत, कात्रणात या चौघांचे छापील फोटो असतील तर दुकानात घेऊन या. समोरच स्कॅन करून लगेच परत देतो, पैसे घेणार नाही. पुढच्या जानेवारीच्या आत या म्हणजे झालं.