पठारावर ड्रिल मशीन आले म्हणजे प्रकल्प मंजूर झाला असे नाही

सह्याद्रीतल्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘उदंचन प्रकल्पासाठी बोअर मारायला सुरुवात झाली, म्हणजे मंजुरी मिळाली, जमिनी गेल्याच.’ हे चूक आहे. (उदंचन प्रकल्प म्हणजे पंपाने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरज पडली की खाली सोडून वीज बनवायची.)

ती बोअर पाण्यासाठी नसते. मशीनमधून दगडाचे गोल, लांबट तुकडे निघतात. ते लाकडी पेटीत ओळीने मांडून खोली लिहितात. काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातकट दगडाचा पट्टा कुठे लागतो, हे त्यात बघतात, कारण तो ठिसूळ असतो. बोगदा आणि भूमिगत वीजगृह तिथून जाणार असेल तर जागा बदलावी लागते, कधी बेतच सोडून द्यावा लागतो. म्हणजे ही तपासणी होकारासाठी जितकी, तितकीच नकारासाठी.

सरकारशी झालेला सामंजस्य करार हीसुद्धा मंजुरी नव्हे. सविस्तर प्रकल्प अहवाल, वनजमीन असेल तर केंद्राची वन मंजुरी, पर्यावरण मंजुरी हे सगळे बाकी असते. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार साधारणपणे जनसुनावणी लागते, तिची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. पर्यावरणावरील परिणामांच्या मसुदा अहवालाचा मराठी सारांश तेव्हाच मागून घ्या, माझी कळकळीची विनंती आहे.

‘वीज खाणारा प्रकल्प, म्हणजे फसवणूक’ हेही खरे नाही. पाणी वर चढवायला जास्त वीज लागते, साधारण तीन चतुर्थांश परत मिळते. पण ती गरजेच्या वेळी मिळते. महाराष्ट्रातला २५० मेगावॅटचा घाटघर प्रकल्प याच तत्त्वावर चालतो: विजेची मागणी कमी असताना पाणी वर, संध्याकाळी मागणी वाढली की खाली.